पहाटे चारची टिक

जानेवारीत आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनच्या हाताला यश होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढच्या अकरा रात्री मी तिच्या पलंगाशेजारी लाल रेक्झिनच्या बाकावर काढल्या. इंदूरच्या खासगी रुग्णालयांत त्याला 'अटेंडर बेड' म्हणतात आणि त्यावर आजवर कुणाची पाठ सरळ झाल्याचं ऐकिवात नाही.

पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला एक कागद अडकवलेला असायचा. दर दोन तासांचे रकाने: डावी कूस, उताणी, उजवी कूस. आठव्या की नवव्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलच्या उजेडात तो कागद वाचत बसलो. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कागदावर दोनची टिक होती, चारची होती आणि सहाचीही होती. सहाच्या रकान्यात तर 'उजवी कूस' लिहून खाली सही. आई संध्याकाळपासून उताणीच होती.

"पाठ जळतेय रे," असं ती दोन दिवस म्हणत होती. मला वाटलं, गादीवरच्या प्लास्टिकमुळे घामोळं उठलं असेल. सकाळी आयाबाईने अंग पुसताना तिला जरा वळवलं आणि थांबलीच. "अम्मा को तो घाव हो गया, भैया." माकडहाडापाशी रुपयाच्या नाण्याएवढी कातडी गेली होती.

रात्रीच्या सिस्टरला मी विचारलं, आणि चढ्या आवाजात विचारलं. ती खरगोनकडची, असेल तेवीस-चोवीसची. तिने कागद हातात घेतला, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "राउंड के टाइम चार्ट पूरा चाहिए, भैया. बाईस मरीज़ हैं, मैं हूँ और एक स्टूडंट." मी नंतर कॉरिडॉरमधून फेरी मारून पलंग मोजले. बावीसच होते.

तेव्हापासून तो कागद डोक्यातून जात नाही. आईला जी रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली, ती तिच्यापर्यंत पोचण्याआधी हजारो रुग्णांवर तपासली गेली होती. तिला दर दोन तासांनी वळवायचं हा नियम मात्र कुणी तपासला? तपासला असेल तर या मजल्यावर तो पाळला जातो की नाही हे कोण बघतं? आणि पाळला न गेल्याने गेल्या वर्षभरात किती जणांच्या पाठी सोलल्या, हा आकडा कुठल्या वहीत आहे? औषधाचा हिशेब मागायला आपण शिकलो आहोत, शुश्रूषेचा हिशेब मागायला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शुश्रूषेची प्रत्येक रीत औषधासारखीच तपासली गेली पाहिजे, इथल्या वॉर्डांत तपासली गेली पाहिजे, आणि तिचा निकाल आपल्याला कळला पाहिजे.

हे इंदूरमध्ये म्हणणं सोपं नाही. आमच्या गावात 'ट्रायल' हा शब्द शिवीसारखा ऐकला जातो, आणि त्याला सबळ कारण आहे. २०१०च्या सुमारास इथल्या औषध-चाचण्यांचं प्रकरण बाहेर आलं. उपचार म्हणून आलेल्या लोकांवर, त्यांत लहान मुलं आणि मनोरुग्णही, कंपन्यांच्या औषधांचे प्रयोग झाले आणि आपण प्रयोगात आहोत याचा अनेकांना पत्ताच नव्हता, असे आरोप झाले. चौकशीत माहिती दिली नाही म्हणून जानेवारी २०१२ मध्ये बारा डॉक्टरांना दंड झाला, प्रत्येकी पाच हजार रुपये. एवढ्यात तर अतिदक्षता विभागात एक रात्रही निघत नाही. मग त्याच वर्षी इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१३ पासून देशभराचे नियम बदलत गेले: चाचणीत इजा झाली तर भरपाई, चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांची सक्तीची नोंदणी, काही चाचण्यांत संमतीचं व्हिडिओ चित्रण. पुढे २०१९ मध्ये औषध-चाचण्यांचे स्वतंत्र नियमच आले. देशातल्या कुठल्याही रुग्णाला आज चाचणीत जे थोडंफार संरक्षण मिळतं, त्यातला बराच भाग इंदूरच्या लोकांनी भांडून मिळवलेला आहे. स्वच्छतेच्या बक्षिसांचे फलक चौकाचौकात लागतात. या भांडणाचा फलक कुठे दिसत नाही, तो लागायला हरकत नव्हती.

पण दुधाने तोंड पोळलं म्हणून आपण ताकही फुंकून पिऊ लागलो आहोत. संशोधन म्हटलं की औषध कंपनी, कंपनी म्हटली की फसवणूक, असं समीकरण पक्कं झालं आहे. रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या सुनेला बाळंतपणाच्या वेळी सरकारी दवाखान्यात एका पाहणीसाठी दोन प्रश्न विचारले गेले, तर सासूबाईंनी तिला तिथून उठवून घरी न्यायची तयारी केली. पाहणी कशाची, तर प्रसूतीनंतर किती वेळात बाळाला पाजलं याची.

वॉर्डात जे रोज चालतं, तोही एक प्रयोगच असतो हे आपल्या लक्षात येत नाही. ताप आलेल्या मुलाला किती वेगाने सलाइन द्यायचं, पक्षाघात झालेल्याचं डोकं खाली ठेवायचं की वर, लघवीची नळी कधी काढायची, आईला बाळाजवळ कधी जाऊ द्यायचं, या सगळ्यांत कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा 'आमच्या सरांनी असं शिकवलं' एवढ्यावर. या प्रयोगाला संमती लागत नाही, त्याची नोंद होत नाही आणि निकालही कधी लागत नाही. तीच गोष्ट कुणी शिस्तीत मोजायला निघालं की मात्र आपल्याला संशय येतो.

मोजल्यावर काय हाती लागतं हे बघण्यासारखं आहे.

'बाटली चढवा' ही आमच्या माळव्यात उपचाराची पहिली आणि शेवटची पायरी. डॉक्टरने बाटली नाही चढवली तर त्याला काही येत नाही असं समजतात. आता हे बघा. गंभीर ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना भराभर सलाइन द्यावं, हे जगभर पाठ्यपुस्तकी ज्ञान होतं. युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक मुलांवर त्याची नीट तुलना झाली आणि २०११ मध्ये निकाल आला. भराभर द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांत शेकडा साडेदहा मुलं गेली, न दिलेल्या गटात सात. (जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुलं यात नव्हती, त्यांचं गणित वेगळं. व्हेंटिलेटर वगैरे सोयी नसलेली ती रुग्णालयं होती, हेही लक्षात ठेवायला हवं.) म्हणजे चांगल्या हेतूने, पाठ्यपुस्तकाप्रमाणे, शंभरामागे तीन मुलं जास्त जात होती, आणि कुणाही एका डॉक्टरला ते आपल्या डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. शंभरातले सात आणि शंभरातले दहा यांतला फरक एका वॉर्डात, एका ऋतूत दिसत नाही. तो दिसायला मोजावंच लागतं.

मोठ्यांचंही तेच. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची साखर इन्शुलिन देऊन अगदी नॉर्मलला आणून ठेवायची, हा एकेकाळी आधुनिक आणि दक्ष रुग्णालयाचा दाखला मानला जायचा. सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं की साखर इतकी करकचून आवळलेल्या गटात ९० दिवसांत शेकडा २७.५ मृत्यू, जरा सैल सोडलेल्या गटात २४.९. इथे तर दक्षताच नडली.

आणि कधीकधी निकाल येतो की काहीच फरक पडत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिले २४ तास सपाट झोपवावं की डोकं उंचावून, यावर वॉर्डावॉर्डात वाद असायचे, एक सर आले की पलंग खाली, दुसरे आले की वर. नऊ देशांतल्या ११४ रुग्णालयांत, भारतातलीही त्यांत होती, अकरा हजार रुग्णांवर हे तपासलं गेलं. २०१७ चा निकाल: दोन्ही सारखंच. मला हा निकाल फार आवडतो. त्यातून कुणाचं औषध विकलं जात नाही, कुणाचं नाव होत नाही, फक्त सिस्टरचा एक व्याप कमी होतो आणि तो वेळ दुसऱ्या रुग्णाला मिळतो.

दर दोन तासांनी कूस बदलायच्या नियमाचंही असंच आहे. अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहांत ९४२ जणांना दोन, तीन आणि चार तासांनी वळवून पाहिलं. २०१३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की बेडसोरच्या, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांच्या, प्रमाणात फरक नाही. पण त्यातली मेख गादीत आहे. ते सगळे लोक दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते. आईच्या पाठीखाली मधोमध खड्डा पडलेली गादी आणि त्यावर प्लास्टिक. त्या गादीवर किती तासांनी वळवलं तर पुरतं? हे इंदूरमध्येच मोजावं लागेल, टोरंटोतलं उत्तर इथे चालायचं नाही. समजा चांगली गादी दिली आणि चार तास पुरले, तर बावीस रुग्णांच्या मजल्यावर एकट्या सिस्टरचं रात्री वळवायचं काम निम्मं होईल आणि कदाचित टिक खरी होईल. हा प्रश्न कुठल्याही कंपनीचा नाही, म्हणून तो कुणी विचारत नाही.

एक निकाल तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली. पण बाळ स्थिर झाल्यावरच असं करायचं, अशी समजूत होती. तोवर ते काचेच्या पेटीत आणि आई बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत, त्यांतलं एक दिल्लीचं सफदरजंग, स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासून आईजवळ ठेवून पाहिलं. तीन हजारांवर बाळं. २०२१ चा निकाल: २८ दिवसांत आईजवळच्यांत शेकडा १२ दगावली, नेहमीच्या पद्धतीत १५.७. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. यासाठी नवजात विभागात आईला पलंग द्यावा लागतो, बस. आणि आमच्याकडे काय दृश्य असतं? काचेबाहेर गॅलरीत सतरंजीवर बसलेली ओली बाळंतीण, दारावर पाटी: 'मिलने का समय ११ से १२'. ही पाटी कुठल्या अभ्यासातून आली?

कामांच्या याद्यांची, म्हणजे चेकलिस्टांची, गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, आणि टिकेचा मुद्दा तिच्यातच आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायची पाच साधी कामं ठरवली: हात धुणं, अंगभर निर्जंतुक कपडा, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की नळी काढणं. नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग दीड वर्षात दोन-तृतीयांशाने कमी झाला. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी आली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असं २००९ मध्ये दिसलं. जग हरखून गेलं. एका पानाचा कागद, खर्च शून्य! सरकारांना यापेक्षा काय हवं असतं?

मग कॅनडातल्या ओंटॅरियो प्रांताने ती यादी सक्तीची केली. १०१ रुग्णालयं, आणि त्यांनी स्वतः कळवलेलं पालन जवळजवळ शंभर टक्के. २०१४ मध्ये हिशेब केला तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. माझा अंदाज विचाराल तर तिथेही रात्री दोन वाजता पहाटे चारची टिक होत असणार. फक्त तिथली सिस्टर खरगोनची नसेल.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. २४ जिल्ह्यांतली १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखांवर बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची यादी तर दिलीच, शिवाय आठ महिने प्रशिक्षक येऊन शेजारी उभे राहून शिकवत होते. हात धुणं, बाळाचं तापमान पाहणं वगैरे कामं दोन महिन्यांनी तिथे शेकडा ७३ होत होती, इतर केंद्रांत ४२. प्रशिक्षक गेल्यावर, वर्षाच्या शेवटी, ती ६२ वर उतरली. आणि बाळांचे मृत्यू, आयांचे मृत्यू? काही फरक नाही. २०१७ मध्ये हा निकाल जसाच्या तसा छापला गेला. यादी हातात असली तरी रक्ताची पिशवी, सिझेरियनची सोय आणि ते करणारी माणसं केंद्रात नसतील, तर कागद कुणाला वाचवत नाही.

अशा फसलेल्या अभ्यासांची आपल्याला जास्त गरज आहे. सरकारी कार्यशाळेत 'चेकलिस्ट' शब्द ऐकून मान डोलावणाऱ्याने उत्तर प्रदेशातल्या त्या निकालाबद्दल अवश्य विचारावं. टिक म्हणजे काम नव्हे, आणि काम म्हणजेही परिणाम नव्हे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि वेगवेगळ्या मोजणं म्हणजेच संशोधन, त्याला पांढरा कोट लागत नाही. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइसला हात धुण्याचं महत्त्व कळलं ते तरी कशामुळे? शेजारीशेजारी दोन प्रसूती विभाग, एकात डॉक्टर-विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी, आणि दोन्हींच्या मृत्यूंच्या नोंदवह्या इमानाने ठेवलेल्या. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरात अठरा बाळंतिणी जात होत्या. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर त्याच उन्हाळ्यात दोनच्या आसपास. वह्या नसत्या तर तो नुसताच एक तापट डॉक्टर म्हणून राहिला असता.

सिस्टरची बाजू घेताना मी स्वतःचंही सांगून टाकतो. घरी आल्यावर मी दवाबाजारातून एअरबेड आणला, फ्रिजवर चुंबकाने वेळापत्रक लावलं आणि बायकोला बजावलं की इथे खोटं चालणार नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आईला बारा वाजता वळवलं, टिक केली, आणि उठायला लागू नये म्हणून, पेन हातातच होतं तर, दोनचीही करून टाकली. दोनला उठलो नाही. एकच रुग्ण, तीही आई.

आता दोन आक्षेप. पहिला माझ्या मावसबहिणीचा, ती तीस वर्षं सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होती. "तुझं संशोधन राहू दे, आधी जागा भर म्हणावं. पन्नास पेशंटला दोघी असतो आम्ही, त्यात आणखी एक रजिस्टर कशाला?" तिचं अर्ध म्हणणं मला पटतं. पण परिचारिका कमी असल्याने माणसं मरतात, हे तिला अनुभवाने माहीत असलं तरी खजिन्याच्या सचिवाला अनुभव चालत नाही. युरोपातल्या नऊ देशांत, तीनशे रुग्णालयांत, चार लाखांवर शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये दाखवून दिलं की एका परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. भांडायला हा आकडा कामाचा. इंदूरच्या, उज्जैनच्या वॉर्डांचा असा आकडा असता तर ताईच्या संघटनेला संपाच्या मंडपात घोषणांशिवाय आणखी काही वाटता आलं असतं.

याच आक्षेपाला जोडून एक सोयीची समजूत आहे, की आपल्याकडे नर्स नसली तरी घरचे असतात. अटेंडर आहे ना! भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १२५० रुग्णांच्या घरच्यांना शिकवून, त्यांच्याकडून व्यायाम आणि शुश्रूषा करवून पाहिली. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले दोन्ही गटांत शेकडा ४७. २०१७ चा हा निकाल कुणी आरोग्यमंत्र्यांच्या टेबलावर ठेवायला हवा. मुलगा, सून, भाचा रात्रभर बाकावर बसून असतात म्हणून पदं रिकामी ठेवता येतात, या गृहीतकाला त्यात आधार सापडत नाही. मी बाकावर होतो. आईला बेडसोर झालाच.

दुसरा आक्षेप संमतीचा, आणि तो इंदूरचा माणूस घेणारच. दोन वॉर्डांत दोन पद्धती वापरून तुलना करायची तर प्रत्येक रुग्णाची सही घ्यायची का? मिशिगनच्याच त्या पाच कामांबाबत २००७च्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या देखरेख-कचेरीने हरकत घेतली की संमती न घेता माहिती गोळा केली, आणि काम काही काळ थांबलं. २००८च्या सुरुवातीला ते पुन्हा चालू करायची मुभा मिळाली. हात धुवा हे सांगायला परवानगी नको, पण हात धुतल्याने काय झालं ते मोजायला परवानगी हवी, असा तो पेच. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत, धोका अगदी नगण्य असेल तर एथिक्स कमिटीला लेखी संमतीची अट शिथिल करता येते. पण आमच्या गावातल्या इतिहासानंतर 'कमिटीने मान्य केलं' एवढ्याने कुणाचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. वॉर्डाच्या दारावर हिंदीत आणि मराठीत पाटी लावा: इथे या दोन पद्धतींची तुलना चालू आहे, नको असेल तर सिस्टरला सांगा, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. कमिटीत एक तरी माणूस असा ठेवा ज्याची आई कधी जनरल वॉर्डात होती. देशाच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे २००७ पासून फुकट उपलब्ध असलेल्या सीटीआरआयमध्ये, अभ्यास आधी नोंदवा. आणि निकाल काहीही लागो, तो छापा, त्याच वॉर्डाच्या दारावरही लावा. २०१० मध्ये जे चुकलं ते प्रयोग केला म्हणून नव्हे, लपवला म्हणून.

लपवण्याचं मूळ कुठे आहे हेही बघायला हवं. मे २०१६ मध्ये आमच्या शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये, ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू आला आणि दोन मुलं दगावली. पुढे जे व्हायचं ते झालं: निलंबन, चौकशी, वर्तमानपत्रांत आठ दिवस. भूल देणाऱ्या विद्येने अशा चुकांवर फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. प्रत्येक वायूच्या सिलिंडरच्या जोडाला वेगळ्या जागी खुंट्या असतात, ऑक्सिजनच्या जागी दुसरा सिलिंडर बसूच नये म्हणून. पण भिंतीमागे पाइपच उलटसुलट जोडले गेले तर पुढची खुंटी काय करणार? त्यासाठी रुग्णाकडे जाणाऱ्या हवेत खरोखर ऑक्सिजन किती आहे हे सांगणारा मापक लागतो, आणि नवं थिएटर सुरू करण्याआधी प्रत्येक तोटीतला वायू तपासून सही करणारा माणूस लागतो. सही खरी, चारची टिक नव्हे.

२०२५च्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी बाळांना चावे घेतले तेव्हाही हेच. दोन बाळं गेली. ती चाव्याने गेली की मुळातल्या व्याधींनी, यावर वाद रंगला, आणि कुणाला निलंबित केलं याची यादी छापून आली. विभागात आधी उंदीर किती वेळा दिसला, कुणी कुणाला कळवलं, त्यावर काय केलं, अशी यादी मात्र माझ्या वाचनात आली नाही. चुकीची पहिली नोंद करणाऱ्यालाच जिथे पहिला मेमो मिळतो, तिथे चार्ट नेहमी पूर्णच भरलेला असणार.

यावर कागदी व्यवस्था देशात नाही असं नाही. २०१५ पासून सरकारी रुग्णालयांसाठी स्वच्छतेची कायाकल्प योजना आहे, रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा २०१८ मध्ये आला, त्याची मुदत २०२५ पर्यंत होती. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेचं मानांकन घेणाऱ्या खासगी रुग्णालयाला दाखल झाल्यावर किती जणांना बेडसोर झाले, किती पडले, औषधात किती चुका झाल्या, हे मोजून ठेवावं लागतं. म्हणजे आकडे आहेत. ते फायलीत असतात, तपासणीला येणाऱ्या पथकापुढे ठेवले जातात आणि परत कपाटात जातात. माझी मागणी अगदी छोटी आहे: ते आकडे रिसेप्शनवर, खोल्यांच्या दरपत्रकाशेजारी लावा. बेडसोर, पडझड, ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग. सुरुवातीला ज्याचा आकडा मोठा दिसेल तो इमानदार समजावा.

गेल्या महिन्यात देवासच्या मामांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन रुग्णालयांत चौकशी करून आलो. तिघांनीही पॅकेज सांगितलं, कॅशलेस कुठल्या कंपनीचं चालतं ते सांगितलं, खोलीत टीव्ही आहे हे न विचारता सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे किती पेशंटना बेडसोर झाले? त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, शेजारच्या मुलीला हळूच काही विचारलं. मग फार अदबीने म्हणाला, "सर, वो बिलिंग में नहीं आता."